नाक दाबलं की...

मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी माणसाने समुद्राकडे बघत चालावं, असा संकेत आहे. मी पाट्या वाचत चालतो. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं इंग्रजी परिपत्रकांचं मराठी करण्यात गेली. त्यामुळे समोर मावळता सूर्य आणि बाजूला चुकलेली वेलांटी असेल, तर माझी मान आपसूक वेलांटीकडे वळते. त्या संध्याकाळी अर्ध्या तासात मला एकाच शब्दाची पाच रूपं भेटली : स्नॉर्कलिंग, स्नॉर्केलिंग, स्नोरकलींग, स्नॉकलिंग आणि एका ठिकाणी 'स्नारकली'. 'ंग' बहुधा फळी संपल्यामुळे राहून गेला होता. वाचून वाटलं, अनारकलीची धाकटी बहीण मालवणात येऊन स्थायिक झाली असावी. सहावा फळा मात्र खऱ्या भाषाप्रभूचा होता. शब्दाच्या वाटेलाच न जाता त्याने खडूने लिहिलं होतं : 'पाण्यात तोंड घालून मासे बघणे. पोहता येत नसले तरी चालेल.'

“अहो, पण असतं काय ते?” बायकोने विचारलं.

“एक नळी असते. तोंडात धरायची. आपण पाण्यावर पालथं पडायचं, नळीचं टोक पाण्याबाहेर ठेवायचं, त्यातून श्वास घ्यायचा आणि खाली बघायचं.”

“मग नळी म्हणा ना. नळीला एवढं नाव कशाला?”

प्रश्न साधा होता, पण माझ्यातला निवृत्त भाषांतरकार त्याने जागा केला. छत्रपती शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करून घेतला, सावरकरांनी 'महापौर' दिला. आणि समोर सिंधुदुर्ग उभा असताना त्याच्या सावलीतल्या पाण्यात चाललेल्या धंद्याला मराठी नाव नसावं? मी तिथल्या तिथे कामाला लागलो. 'श्वासनळी' पहिल्यांदा सुचला, पण ती जागा गळ्यात आधीच भरलेली आहे. “काका, झालं असेल तर तुमची श्वासनळी काढून द्या, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय,” असं किनाऱ्यावर कोणी ओरडलं, तर काका कणकवलीपर्यंत मागे वळून बघायचे नाहीत. मग 'फुंकणी' आठवली. आकार तोच, तोंडात धरायची पद्धतही तीच. पण चुलीपुढच्या फुंकणीतून हवा फक्त बाहेर सोडायची असते. आजीचं बघून मी लहानपणी एकदा ती आत ओढली होती. राखेची चव अजून जिभेवर आहे.

रात्री खोलीवर आल्यावर फोनमध्ये शब्दाची कुंडली काढली. जन्म जर्मनीचा निघाला. तिथल्या बोलीत श्नॉर्शेल म्हणजे नाकाड, मुस्कट. आणि त्याची सोयरीक थेट 'घोरणे' या क्रियापदाशी. इंग्रजीतही 'स्न'ने सुरू होणारं अर्धं गोत्र नाकातून आलेलं आहे. स्नोअर म्हणजे घोरणं, स्नीझ म्हणजे शिंकणं, स्निफ म्हणजे हुंगणं, स्नॉर्ट म्हणजे फुरफुरणं, आणि स्नॉट म्हणजे जे जेवताना बोलू नये ते. साप आणि बर्फ यांचे शब्द तेवढे या गोत्राबाहेरचे, पण बर्फात गेल्यावर गळतं ते नाकच.

“म्हणजे घोरणं?” बायको अंथरुणात उठून बसली. “आणि त्याचे लोक पैसे घेतात?”

इथे एक खुलासा करायला हवा. मी घोरतो, असं म्हणतात. मी स्वतः ते कधी ऐकलेलं नाही. ठरावीक पट्टी ओलांडली की बायको झोपेतच हात लांब करते आणि दोन बोटांच्या चिमटीत माझं नाक धरते. तोंड उघडतं, आवाज थांबतो, तिची बोटं सुटतात. दोघांपैकी कोणाचीही झोप मोडत नाही. आमच्या घरात याला कोणी उपचार म्हणत नाही. दिवा मालवणं, कडी लावणं, तसंच हे.

तर हे घोरणारं नाक पाण्यात उतरलं ते पाणबुडीमुळे. जुन्या पाणबुडीची अडचण गमतीदार होती. पाण्याखाली ती बॅटरीवर चाले. बॅटरी भरायला डिझेल इंजिन लागे आणि डिझेल इंजिनाला हवा. म्हणजे लपण्यासाठी बांधलेल्या बोटीला रोज वर येऊन सगळ्यांना दर्शन द्यावं लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर डच नौदलाने यावर तोडगा काढला. बोटीने पाण्याखालीच राहायचं आणि फक्त एक नळी वर काढून इंजिनाला हवा द्यायची. या नळीचं डच नावही 'हुंगणारी' अशाच अर्थाचं. १९४० साली जर्मनांनी हॉलंड घेतलं. काही डच पाणबुड्या निसटून इंग्लंडला पोहोचल्या. तिथल्या अनुभवी मंडळींनी नळी पाहिली, नाक मुरडलं आणि ती काढून टाकली. उरलेल्या बोटी जर्मनांच्या हाती लागल्या. त्यांनीही सुरुवातीला दुर्लक्षच केलं. पण पुढे वर येणारी पाणबुडी शत्रूची विमानं हमखास टिपू लागली, तशी जर्मनांना नळीची आठवण झाली आणि त्यांनी ती बसवून तिचं 'नाकाड' असं बारसं केलं. युद्ध संपल्यावर इंग्रजांनीही तीच नळी आपल्या बोटींना लावली आणि नाव ठेवलं 'स्नॉर्ट'. माळ्यावर टाकलेला तांब्या शेजारणीने घासून वापरायला काढला की आपल्याला त्याची किंमत कळते, तसं झालं.

आतल्या खलाशांचे हाल मात्र कोणी विचारू नयेत. लाट नळीवरून गेली की पाणी आत येऊ नये म्हणून वरची झडप बंद होई. इंजिनाला ते कुठलं कळायला! ते आपली हवा ओढतच राही, आणि बाहेरची मिळेना म्हणून आतल्या माणसांच्या वाटणीची ओढी. दाब बदलून सगळ्यांच्या कानांना दडे बसत. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या माझगाव गोदीत बांधलेली आणि २०१७ साली नौदलात दाखल झालेली कलवरी हीसुद्धा डिझेल-विजेवर चालणारी पाणबुडी. तंत्र कितीही पुढे गेलं, तरी बॅटरी भरायची वेळ आली की तिलाही नाक वर काढावंच लागतं.

एकदा शब्द हाती लागल्यावर लोकांनी तो कुठे कुठे लावला! १९५२ साली शेफर कंपनीने स्नॉर्केल नावाचं फाउंटन पेन काढलं. मी नोकरीला लागलो तेव्हा निवृत्तीला टेकलेल्या आमच्या मोठ्या साहेबांकडे ते होतं. शेपटाकडची टोपी फिरवली की निबेच्या खालून केसराएवढी नळी हळूच बाहेर यायची, दौतीत चोच बुडवून शाई प्यायची आणि पुन्हा आत जायची. निब कोरडीच्या कोरडी. आम्ही निब दौतीत बुडवून ती डोक्याच्या केसांना पुसणारे लोक. साहेबांचं पेन शाई प्यायला लागलं की तीन टेबलांवरचं काम थांबायचं. त्या नळीच्या दर्शनासाठी मी न संपलेल्या टिपणीवरही सही मागायला गेलेलो आहे.

१९५८ साली शिकागोच्या अग्निशमन दलाचे प्रमुख रॉबर्ट क्विन यांनी कोपरात दुमडणाऱ्या यांत्रिक हाताच्या टोकाला पाळणा लावलेली गाडी बनवून घेतली. तिचंही नाव स्नॉर्केल पडलं. मुंबईच्या अग्निशमन दलातही हा शब्द मुरलेला आहे. म्हणजे मालवणात स्नॉर्केल आलं की माणसं पाण्यात जातात आणि मुंबईत स्नॉर्केल आलं की खिडकीतून खाली उतरतात. आणि वेल्समधल्या लॅनवर्टिड वेल्स या गावी १९८५पासून स्नॉर्केल लावून चिखलात पोहण्याची जागतिक स्पर्धा भरते. दलदलीत खणलेला सुमारे ५५ मीटरचा चर, कॉफीच्या रंगाचं गार पाणी, तोंडात नळी, पायात बदकासारखे पंजे. हातांनी नेहमीसारखं पोहायचं नाही, फक्त पाय मारत जायचं आणि यायचं. ही स्पर्धा आमच्या गावच्या म्हशींना कळली नाही म्हणून वेल्सची अब्रू राहिली. डबक्यात अंग बुडवून फक्त नाकपुड्या वर ठेवण्याचा त्यांचा सराव दुपारी बारापासून असतो.

आमच्या साडूंच्या जीपलाही स्नॉर्केल आहे. साडू कोथरूडला राहतात आणि नाकाने कांदे सोलतात. इंजिनाला हवा ओढून घेणारं तोंड एरवी बॉनेटच्या आत असतं. साडूंच्या जीपमध्ये ते काळ्या नळकांड्यातून टपापर्यंत वर नेलेलं आहे. कारण त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं : हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं, की वर येणारा दट्ट्या त्यावर आपटतो आणि आतला दांडा वाकतो. गाडी तिथेच बसते. हे सगळं खरं आहे. फक्त गेल्या दोन वर्षांत त्या जीपने पाहिलेलं सर्वांत खोल पाणी गाडी धुणाऱ्याच्या बादलीत होतं. “असू दे हो,” साडू म्हणतात, “वेळ सांगून येत नाही.” आमच्या आजोबांनी मुंबईच्या चाळीत वाघनखं ठेवली होती, त्याची आठवण होते.

साडू आणि मेव्हणी शेजारच्याच खोलीत होती. त्याआधी जेवताना बांगड्याचे काटे निवडता निवडता साडूंनी तो प्रश्न विचारला होता, जो जगातल्या प्रत्येक मेव्हण्याने आणि साडूने विचारलेला आहे. “नळी एवढीशीच का? दहा फुटी लावली तर माणूस तळाशी मांडी घालून बसेल की!”

दुर्योधनालाही हेच वाटलं असणार. युद्ध हरल्यावर तो डोहात जाऊन लपला, पण त्याच्याकडे जलस्तंभनाची विद्या होती. ती नसेल तर हिशेब असा पडतो. एक मीटर खोल पाण्यात छातीच्या दर चौरस सेंटीमीटरवर १०० ग्रॅमचा जादा भार येतो. छातीची पुढची बाजू हजारेक चौरस सेंटीमीटरची धरली, तर झाला एक क्विंटल. फुप्फुसात मात्र नळीतून आलेली वरचीच हलकी हवा. म्हणजे प्रत्येक श्वासाला आतून ज्वारीचं पोतं उचलायचं. दुसरी अडचण त्याहून वाईट. नळी लांब असली तर सोडलेला श्वास बाहेर पोहोचतच नाही, नळीतच राहतो, आणि पुढच्या श्वासाला आपण आपलीच उष्टी हवा परत आत घेतो. म्हणून शहाण्या कारखानदारांची नळी ३८ सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. हातभरसुद्धा नाही.

“मग हत्ती कसा जातो?” मेव्हणीने विचारलं. साडूंच्या घरात हुशारी कुठे राहते, ते मला तेव्हा कळलं.

हत्ती हा या विद्येचा मूळपुरुष. हत्तीच्या सोंडेला पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाची उपमा अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात दिलेली आहे. अंदमानात लाकूड ओढणारे हत्ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जात, सोंड तेवढी वर. पण माणसाला जे क्विंटल झेपत नाही ते हत्तीला कसं झेपतं? आपलं फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये दोन नाजूक पडदे असतात आणि त्यांच्यात ओलाव्याची बारीकशी फट. हत्तीत ती फटच नाही. तिथे चिवट तंतूंनी सगळं गच्च शिवून टाकलेलं आहे. जॉन वेस्ट या शरीरशास्त्रज्ञाने २००१ साली मांडलं, की हे शिवणकाम सोंडेने पाण्याखालून श्वास घेण्यासाठीच असावं. नाहीतर दाबाने ते पडदे टिकायचे नाहीत.

मला एकदम भाद्रपद दिसायला लागला. दहा दिवस मोदक खाऊन झाल्यावर ज्या देवाला आपण पाण्यात नेऊन ठेवतो, तो नेमका जन्मजात नळी घेऊन आलेला आहे. आपल्या पूर्वजांनी विसर्जनासाठी देव निवडताना केवढा विचार केला होता! मालवणच्या किनाऱ्यावर तर मोरयाचा धोंडा आहे. १६६४ साली सिंधुदुर्गाच्या पायाभरणीच्या वेळी महाराजांनी तिथेच गणेशपूजन केलं, असं सांगतात. म्हणजे या पाण्यात उतरण्याआधी सोंडवाल्याची परवानगी घ्यायची प्रथा साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. 'सोंड' हा शब्द मी वहीत लिहिला आणि लगेच खोडला. “काका, सोंड नीट लावा,” हे माझ्या शरीरयष्टीच्या माणसाला चारचौघांत ऐकवणार नाही.

झोप येईना. खरं तर नळ्या आपल्या अवतीभवती होत्याच. लहानपणी विहिरीत पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून आम्ही पाण्याखाली बसायचो आणि वर कोणीतरी टोकावर बोट ठेवायचं. मैत्रीची ती पहिली परीक्षा. संध्याकाळी खाडीत तिवराच्या झाडांभोवती चिखलातून वर आलेली शेकडो बोटं दिसली होती. ती मुळं. चिखलात हवा नाही म्हणून झाडाने नाकं जमिनीवर काढली आहेत. अंगणातल्या पिंपात डासांच्या अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या असतात, त्यांचीही शेपटाकडची नळी पाण्याच्या पापुद्र्याला टेकलेली असते. अळी, झाड, हत्ती, म्हैस, सगळ्यांनी हे केलं आणि कोणीही त्याला नाव दिलं नाही. नाव द्यायची हौस माणसाला. आणि माणसांतल्या निवृत्तांना जास्त. या विचारात केव्हातरी डोळा लागला. पहाटे नाकावर ओळखीची चिमटी जाणवली आणि सुटली.

सकाळी होडी किल्ल्याच्या मागच्या अंगाला, खडकांजवळ जाऊन थांबली. आमच्याबरोबर विशीतला एक पोरगा होता, पाण्यात जन्मल्यासारखा. त्याने काचेचा मुखवटा दाखवला. त्यात डोळे येतात आणि नाकही येतं, पण नाकाला कुठेही भोक नाही.

“काका, नाक आता इसरा,” तो म्हणाला. “नाकाचा काम नाय. नळी दातान धरा आणि तोंडान श्वास घेवा. भियाव नको, काय होवचा नाय.”

'नाक विसरा' हे सांगायला सोपं. मराठी माणसाची सगळी इस्टेट नाकावर. राग नाकावर, माशी नाकावर बसू द्यायची नाही, चालायचं नाकासमोर, शेजाऱ्यांच्या घरात खुपसायचं नाक, काम निघालं की काढायच्या नाकदुऱ्या, दमलो की नाकी नऊ, आणि पोरीने पळून जाऊन लग्न केलं की कापलं जातं तेही नाकच. ते एवढं सगळं नाक काचेत बंद करून पाण्यात उतरायचं.

साडू आधी उतरले. उतरताना त्यांनी पोऱ्याला जीपच्या नळकांड्याबद्दल दोन गोष्टी समजावून सांगितल्या. मग पाण्यात तोंड घातलं, सवयीने नाकाने जोरात श्वास ओढला, मुखवटा गालांना चिकटला, घाबरून ते काहीतरी बोलायला गेले, बोलताना दातांतली नळी सुटली, आणि पुढची तीन मिनिटं आम्ही 'नाकातोंडात पाणी जाणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करून दाखवल्यासारखं दृश्य पाहिलं. पाणी दाबलं जात नाही, हे त्यांना माहीत होतंच. आता पटलं. पोऱ्याने त्यांना जाकिटाच्या पट्ट्याला धरून होडीत चढवलं. मेव्हणी टॉवेल घेऊन बसली होती. टॉवेल तिने आधीच काढून ठेवला होता, हे मी नोंदवून ठेवलं.

मग मी. पट्टा आवळला, नाक दाबलं गेलं, आणि त्याच क्षणी माझं तोंड आपोआप उघडलं. पोऱ्याने नळी आत सरकवली. पाण्यात तोंड घालता घालता डोक्यात प्रकाश पडला, की ज्यासाठी मी रात्रभर प्रतिशब्द खोडत बसलो होतो, त्याची अख्खी व्याख्या मराठीत शेकडो वर्षांपासून तयार आहे : नाक दाबलं की तोंड उघडतं. आपण ही म्हण सावकारासाठी वापरली, भाडेकरूसाठी वापरली, थकबाकीदाराला नोटीस पाठवताना वापरली. ती या काचेवर छापून ठेवण्याची सूचना होती, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. नाम सापडलं नाही, पण वाक्य सापडलं. भाषांतरात असं बऱ्याचदा होतं.

खाली हिरवट उजेडात खडकावरचं शेवाळ हलत होतं. पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेले मासे झुंडीने आले, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून वळले. त्या माशांचं इंग्रजी नाव सार्जंट मेजर. त्यांची शिस्त बघता शोभतंही. कानात फक्त एकच आवाज होता : माझा श्वास. आत जाताना खर्रर्र, बाहेर पडताना फुर्रर्र. एकसुरी, दमदार, ठाय लयीतला. जर्मन माणसाने या नळीला घोरण्याच्या घराण्यातलं नाव का दिलं, ते पाच भाषांचे कोश चाळून समजलं नसतं तेवढं त्या आवाजाने समजलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचं घोरणं जागेपणी ऐकत होतो. वाईट नव्हतं. सूर थोडा खर्जात होता इतकंच.

किती वेळ गेला कळलं नाही. पोऱ्याने खांद्यावर थोपटलं तेव्हा वर आलो. होडीच्या कडेला हात टेकवला. साडू टॉवेलात गुंडाळून बसले होते आणि क्षितिजाकडे बघत होते. पोऱ्या मात्र माझ्याकडे कौतुकाने बघत होता.

“काकी,” तो बायकोला म्हणाला, “पयल्यांदा येणारी माणसा अशी राहनत नाय. नाक बंद झाला काय घाबरतत. काकांका सवय दिसता.”

बायकोने माझ्या हातातून मुखवटा घेतला, त्यातलं पाणी होडीबाहेर ओतलं आणि शांतपणे म्हणाली, “असणारच. तेहतीस वर्षं रोज रात्री मीच सराव करून घेतेय.”